शकीलसरांचा फुलटोच्या

पनवेलच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले डॉ. शकील तुंगेकर दर रविवारी पहाटेची फजरची नमाज उरकून एकट्यापुरता चहा करत आणि बेलपाड्यामागच्या डोंगराची वाट धरत. सव्वीस वर्षं हा नेम. एखादं नाटक इतकी वर्षं चाललं असतं तर गावोगाव कमानी लागल्या असत्या. या प्रयोगाला मात्र प्रेक्षक नव्हता. सरांनी कुणाला येऊच दिलं नव्हतं.

काम साधंच. डोंगरावर बारा जागा ठरलेल्या. प्रत्येक जागी दहा मिनिटं गप्प उभं राहायचं आणि कुठला पक्षी किती वेळा बोलला ते वहीत लिहायचं. दाट पानांत पक्षी दिसतो कमी, ऐकू येतो जास्त. दोन माणसांचे कान सारखे नसतात, नोंदी बिघडतात. म्हणून कान एकाच माणसाचे हवेत, हा त्यांचा दंडक. बायको जास्मीन एकदाच हट्टाने आली होती. "शब्दसुद्धा बोलणार नाही," म्हणाली, तरी सरांनी तिला पायथ्याच्या आंब्याखाली बसवून ठेवलं. दोन तासांनी ते उतरले तेव्हा ती पदर झटकत म्हणाली, "तुमची पाखरं नशीबवान हो! त्यांचं तरी शांतपणे ऐकता."

ती जाऊन चार वर्षं झाली. लेक यूम्ना मस्कतला.

आता मात्र या एकांताला फळ धरलं होतं. बांडगुळाची फळं खाणारा, अंगठ्याएवढा फुलटोच्या गेल्या सहा वर्षांत वहीतून ओसरत गेला होता. आधी चाळीस नोंदी, मग वीस, मग नऊ, मग दोन, आणि दोन वर्षं सरळ शून्य. खाली उलव्याकडे उठणारा बांधकामाचा धुरळा, विमानतळ, हे सगळं मांडून सरांनी लेख लिहिला: डोंगरावरून फुलटोच्या नाहीसा झाला आहे. एका नामांकित नियतकालिकाने तो घेतला. सोमवारपर्यंत शेवटचा होकार कळवायचा होता. यूम्ना फोनवर म्हणाली, "अब्बा, आता तरी जगाला कळेल, तुम्ही रविवारी कुठे गायब व्हायचा ते!"

एकच गोष्ट खुपत होती. हा पक्षी फळ खाल्लं की चिकट बी फांदीला पुसून ठेवतो. पाचव्या जागेच्या आंब्यावर तसल्या ताज्या बिया दिसत होत्या. सरांनी लेखात त्या दुसऱ्या पक्ष्याच्या नावावर टाकल्या होत्या.

त्या रविवारी पाचव्या जागी बेलपाड्याची भामा नेहमीसारखी आली. लाकडांची मोळी उतरवून ती बसली. मास्तर उभे असले की दहा मिनिटं तोंड उघडायचं नाही, हे तिला ठाऊक होतं. दंडक मोडला तो सरांनीच.

"भामाबाई, इथे एक बारका पक्षी असायचा. टिक् टिक् करायचा. गेला बिचारा."

भामाने वर पाहिलं. "कंचा? बांडगुलावरचा? मास्तर, माझी मस्करी करताव काय? तुमच्या टकलावरच वरडतोय तो!"

"आत्ता?"

"आत्ता म्हंजे? तुमी आल्यापासून! कुठं गेला नाय तो. रोज हाय."

सरांनी दुर्बीण लावली. करड्या रंगाचा तो इवला जीव फांदीवर होता. चोच उघडत होती, मिटत होती. नट तोंड हलवतोय आणि शेवटच्या रांगेला काहीच ऐकू येत नाही, तसं. भारद्वाजाचा घुमारा त्यांना ऐकू येत होता. विमान ऐकू येत होतं, भामाही. म्हातारपणी बारीक आवाज आधी जातात, हे त्यांनी स्वतः वर्गात शिकवलं होतं.

"मंग तुमी लिवता तरी काय?" भामाने विचारलं.

"शून्य."

"अगं बया! मला इचारायचं ना. मी हितंच असते."

घरी आल्यावर सर बराच वेळ स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिले. शेवटची दोन वर्षं बारीक आवाजाची जास्मीन अबोल झाली, असं ते धरून चालले होते. आजारपणाने असेल, असं त्यांनी यूम्नालाही सांगितलं होतं.

मग त्यांनी संपादकांना पत्र लिहिलं. 'लेख मागे घेत आहे. फुलटोच्या डोंगरावर आहे. गेल्या सहा वर्षांत तो मलाच ऐकू येईनासा होत गेला. त्या नोंदी कुणी वापरू नयेत.' यूम्नाला एवढंच कळवलं, की काम लांबलं.

पुढच्या रविवारी पाचव्या जागी त्यांनी आपला पंचा झाडाखाली अंथरला. "भामाबाई, बसा. तो बोलला की बोट वर करा."

"निस्तं बोट? बोलायचं नाय?"

"बोला हवं तर."

पण भामा बोलली नाही. दहा मिनिटांत तिचं बोट अकरा वेळा वर गेलं. सरांनी अकरा रेघा ओढल्या आणि ऐकणाऱ्याच्या नावापुढे तिचं नाव लिहिलं. मग मोळी डोक्यावर घेऊन ती उतरली. वरच्या जागांकडे तिचं काही काम नव्हतं.

उरलेल्या सात जागी सर एकटेच उभे राहिले. दहा-दहा मिनिटं. फुलटोच्याच्या रकान्यात शून्य न लिहिता, तो कोरा सोडत.