झाकणावरचे तीन ओरखडे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. ऐकून तुम्ही म्हणाल, एवढंच? — मीही कितीतरी वर्षं स्वतःला तेच सांगत आले.

आमचं गाव हिंगोलीकडच्या गोरेगावजवळ. घरी शेरडं-मेंढरं आणि थोडं रान. दादा पुण्याला कामाला लागला आणि माझ्या कॉलेजसाठी त्यानं नवा लॅपटॉप आणून दिला. आईला त्याचं केवढं अप्रूप! रानातून आली की हात धुवून पदरानं त्याचं झाकण पुसायची. रविवारी माझी थोरली बहीण व्हिडिओवर दिसली की तिच्या लेकराच्या गालावर — म्हणजे पडद्यावर — बोट फिरवायची.

एकदा हिंगोलीला जाताना जीपमध्ये मैत्रिणींना दाखवायला मी तो पिशवीतून काढला. काय गरज होती? मिरवायचं होतं, दुसरं काय. जीप खड्ड्यात आदळली आणि तो मांडीवरून घसरून खालच्या लोखंडी पत्र्यावर खरवडत गेला. चालत तर बराबर होता. पण झाकणावर तीन ओरखडे. घरी येऊन मी टूथपेस्टनं घासलं, खोबरेल चोळलं. ओरखडे काही गेले नाहीत, उलट भोवती पांढुरका डाग पडला.

दिवाळीला दादा आला. झाकणावरून हात फिरवत त्यानं सहज विचारलं, "हे कशानं झालं गं?"

तो रागावला नव्हता. ते मला तेव्हाही दिसत होतं. तरी माझी जीभ — कशी वळली? मी म्हणाले, "आई रोज पुसती न्हाई का, तिच्या बांगड्यांनी झालं असंल."

आई तिथंच भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. बांगड्यांकडं बघत म्हणाली, "व्हय रे, माझ्याच हातानं झालं असंल. मला अडाणीला काय कळतंय."

दादा हसला. "एवढ्यानं काय होतंय आई, चालून तर राहिला." त्यानं वर एक स्टिकर चिकटवलं आणि विषय संपला. त्याच्यापुरता.

त्यानंतर आईनं लॅपटॉपला हात लावला नाही. रविवारी ती हातभर लांब बसायची, दोन्ही हात पदरात गुंडाळून. नातू पडद्यातून हाका मारायचा, ही तिथूनच मान हलवायची. मी शेजारी बसून बघत होते. एकच वाक्य बोलायचं होतं — आई, तू न्हाई, मी केलं. का नाही बोलले? भीती कुणाची होती? कुणाचीच नाही. मी खोटी ठरेन, एवढंच.

लग्न होऊन मी आता हिंगोलीत असते. मागच्या महिन्यात आईला मोठा फोन घेऊन दिला. मी फोन केला की शेजारची सून उचलते. मागून आईचा आवाज येतो — "तूच धर गं बाई, माझ्या हातानं खराब व्हईल."

मी ते ऐकते. आणि विचारते, आई, जेवलीस का?