शेजाऱ्यांचं मांजर

आधी डावीकडं बघायचं, मग उजवीकडं, मग वेताच्या बुट्टीवरची मेथीची पेंडी हळूच बाजूला सारायची. खालून मांजराचे दोन कान वर यायचे. कुणी विचारायच्या आधीच आप्पा सांगून मोकळे व्हायचे, "आमचं न्हवं हे. शेजाऱ्यांचं हाय."

निपाणीच्या जनावरांच्या दवाखान्यात दरवर्षी दिवाळी झाली की मी आमच्या गुंड्याला तपासायला आणि लस टोचायला नेते. गुंड्या म्हणजे कुत्रा. नाव एवढं दांडगं, पण दवाखान्याची पायरी दिसली की माझ्या पदरात शिरतो. तिथंच आप्पांची गाठ पडायची. चिकोडीकडच्या कुठल्याशा खेड्यातले, पांढरी टोपी, हातात ती बुट्टी. नाव मी कधी विचारलंच नाही.

तुम्ही म्हणाल, मांजर आणलं त्यात लाजायचं काय? अहो, आमच्याकडं म्हैस आणली तर ते काम. मांजर आणलं तर माणूस रिकामटेकडा.

डॉक्टरीणबाई कानडी, पण मराठीत चेष्टा छान करायच्या. वयस्क माणसाला कानडी रीतीनं 'यजमान' म्हणायच्या. "काय यजमान, शेजारी बरे आहेत ना?"

"हायत, हायत."

"त्यांना सांगा, मांजर फार जाड झालंय."

"लई दूध घालत्यात वो. सांगून ऐकत न्हाईत."

आम्ही बाकावरच्या बायका तोंडाला पदर लावायचो. बाई दात बघायच्या, कान बघायच्या, मग सुई. सुई मांजराला, आणि डोळे मिटायचे आप्पा.

एका वर्षी त्यांच्याच गावचा, त्यांच्याच वयाचा एक गडी रेडकू घेऊन आला. त्याला बघताच आप्पांनी बुट्टी बाकाखाली सारली. आमच्या शहाण्या गुंड्यानं नेमकी ती हुंगली आणि भुंकला. मांजर उसळलं ते थेट पत्र्याखालच्या लोखंडी दांडीवर. काही केल्या खाली येईना.

"हाक मारा की यजमान. नाव काय?" बाई म्हणाल्या.

"मला काय ठावं? शेजाऱ्यांचं…"

मांजर वरून केविलवाणं ओरडलं. आप्पांनी मान वर केली आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, "बाये, ये गं. ये माझ्याकडं."

ते सरळ त्यांच्या खांद्यावर उतरलं आणि टोपीखाली तोंड खुपसून बसलं. आम्ही सगळे हसलो. मीही हसले.

तो रेडकूवालाही हसत म्हणाला, "आप्पा, हे तर वैनीचं मांजर की रं. वैनीला कधी दवाखाना दावला न्हाईस, आन् हिला बरा आणतोस."

हसू जागच्या जागी विरलं. आप्पा मांजराच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"व्हय," ते म्हणाले. "पोटात दुखतंय म्हणायची. मी म्हणायचो, ववा खा. ववा खात खातच गेली." मग मांजराला खांद्यावरून उतरवून बुट्टीत ठेवत म्हणाले, "हिला तर सांगताबी येत न्हाई. म्हणून दुखायच्या आधीच आणतो."

मी फरशीकडं बघत बसले. रेडकूवाला दोरीची गाठ उगीच सोडत होता, पुन्हा बांधत होता.

पुढच्या दिवाळीनंतर तीच बुट्टी आली, वर तशीच मेथीची पेंडी. हातात मात्र त्या रेडकूवाल्याच्या.

"आप्पा?" मी विचारलं.

"पावसाळ्यात गेला, आक्का." माझ्याकडं न बघताच तो बोलला.

"मग ही मेथी कशाला आता?"

"त्याबिगर बसतच न्हाई बुट्टीत. सवय लावून ठेवलीया त्यानं."

बाईंनी आत बोलावलं. सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "शेजाऱ्यांचं का?"

त्यानं मान खाली घातली. "न्हाई. आमचंच हाय."

त्यानं पेंडी उचलली. दोन कान वर आले. मांजरानं आधी डावीकडं बघितलं, मग उजवीकडं.