तारेचा तेरावा प्रश्न

हिवरवस्तीवर कुणाचं गुपित टिकत नाही, आणि त्याला कारण चांगुणाबाईंचा आवाज. पस्तीस वर्षं त्या पिठाची गिरणी चालवताहेत. मोटारीच्या घरघरीवरून बोलायची सवय अशी जडली, की गिरणी बंद असली तरी आवाज खाली उतरत नाही. देवळात त्या शेजारणीच्या कानात काही सांगतात तेव्हा बाहेर चपला काढणारी माणसंसुद्धा माना डोलावतात.

दुसरी सवय वाचायची. शिक्षण सातवीपर्यंत, पण हातात आलेला कागद वाचल्याशिवाय सोडायचा नाही. लग्नपत्रिका, बियाण्याच्या पिशवीची मागची बाजू, खोकल्याच्या औषधातली बारीक अक्षरांची घडी, ग्रामसभेची नोटीस, सगळं. दळणाला आलेल्या बायका पोत्यांवर बसतात, डबे रांगेत लागतात, पीठ हवेत तरंगत राहतं, आणि पांढऱ्या भुवयांच्या चांगुणाबाई वाचून दाखवतात. त्यांचे यजमान सहादेवराव कोपऱ्यात गिरणीच्या सुट्या दगडाला टाकी लावत असतात. लग्नाला चाळीस वर्षं झाली, त्यात ते एकूण किती बोलले असतील याचा अंदाज वस्तीवर अधूनमधून बांधला जातो.

सगळं सुरळीत होतं. तारेचं तेवढं नव्हतं.

तिसगावच्या पुढे मुख्य रस्ता सोडून आत वळलं, की गिरणीच्या अलीकडे विजेचे दोन खांब लागतात. दोन उन्हाळ्यांपूर्वी वावटळीत त्यातला एक कलला आणि मधल्या तारेला झोळ पडला. माणूस खालून जायचा, मोटारसायकल जायची. टेम्पो जात नव्हता. वायरमन दोनदा येऊन बघून गेला. दुसऱ्यांदा चहाही पिऊन गेला. "साहित्य न्हाई," म्हणाला.

या झोळापायी चांगुणाबाईंच्या हातून एक मोठं दळण निसटायला आलं होतं. तिसगावात अमृत नावाच्या तरुणानं भाकरी केंद्र काढलंय. अकरा बायका दिवसभर भाकरी थापतात, आणि लग्नं, ढाबे, हुरड्याच्या पार्ट्या, सगळीकडे टेम्पोनं भाकरी जाते. त्याला चांगुणाबाईंचंच पीठ हवं होतं. बाजरी कडू न होऊ देता बारीक दळायचं त्यांच्याइतकं कुणाला जमत नाही. पण रस्त्यावर पोती उतरवून डोक्यावरून आत न्यायची आणि पीठ तसंच बाहेर आणायचं, हे त्याच्यानं होईना.

"काकू, भोगीपर्यंत थांबतो," तो म्हणाला. "भोगीला बाजरीच्या भाकरीची लई मोठी मागणी हाय. तवर तार वर गेली तर वर्षाचं दळण तुमचं. न्हाई गेली तर मी केंद्रातच चक्की बसवतो. मग मला बी इलाज न्हाई."

चांगुणाबाईंनी मान हलवली. त्या दिवशी वाचन झालं नाही. बायकांनी मुकाट्यानं दळणं नेली आणि घरी जाऊन सांगितलं की काहीतरी गंभीर आहे.

नोव्हेंबरात ग्रामपंचायतीतून एक गुळगुळीत पुस्तिका आली. खासदारांचा दोन वर्षांचा कार्यअहवाल. आमच्या खासदार म्हणजे एक ताई; अठ्ठेचाळीस पानांपैकी एकेचाळीस पानांवर त्या हसत होत्या. चांगुणाबाईंनी ती पुस्तिका चार दिवस पुरवून वाचली.

"लोकसभेतली उपस्थिती एक्क्याण्णव टक्के."

"आमच्या नातवाची शाळेत एवढी न्हाई," लंकाबाई म्हणाल्या. या लंकाबाई चांगुणाबाईंच्या जुन्या शेजारीण. दळण असो नसो, रोज येतात.

"विचारलेले तारांकित प्रश्न बारा. अतारांकित प्रश्न एकशे चार."

आता तारांकित म्हणजे ज्या प्रश्नापुढे चांदणीची खूण असते तो. त्याला मंत्र्याला सभागृहात उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं. बाकीच्यांना लेखी उत्तर येतं. हे त्या दिवशी गिरणीत कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळ्या चांगुणाबाईंकडे बघू लागल्या आणि चांगुणाबाईंनी क्षणाचाही विलंब न लावता अर्थ सांगितला.

"तारांकित म्हंजे तारेचे. अतारांकित म्हंजे बिनतारेचे. मोबाईल, टॉवर, ती सगळी भानगड."

एवढा स्वच्छ अर्थ ऐकून बायका थक्क झाल्या.

"म्हंजे ताईनं दिल्लीत तारांवर बारा प्रश्न विचारले?" लंकाबाईंनी विचारलं.

"पान चौदा. छापलंय."

"मग आपलीच तार कशी राहिली गं?"

"तिला कुणी सांगितलंच नसंल."

आणि चांगुणाबाईंनी पट्टा थांबवला. भर दळणात. सहादेवरावांनी टाकी खाली ठेवली. मग मोनिकेच्या, म्हणजे सुनेच्या, मुलाची वही आली, पेन आलं, आणि डब्याच्या झाकणावर वही ठेवून पत्र लिहिलं गेलं. मी ते नंतर पाहिलं. घड्यांमध्ये पीठ बसलेलं होतं.

'खासदार ताईंना नमस्कार. आपण तारेचे बारा प्रश्न विचारलेत हे वाचून आनंद झाला. आम्हाला वाटत होतं की तारेकडे कुणाचं लक्ष नाही. तेरावा प्रश्न आमचा विचारावा. तो असा. हिवरवस्तीची तार दोन वर्षं खाली का आहे व भोगीच्या आत वर जाईल का. उत्तर काय मिळालं ते कळवावे. आपली हजेरी चांगली आहे. चांगुणा सहादेव, गिरणीवाली.'

अहिल्यानगरच्या संपर्क कार्यालयात हे पत्र उघडलं रुपालीनं. ती तिथं ताईंची पत्रं, फोन, निवेदनं सांभाळते. दिवसाला साठ-सत्तर कागद, सगळ्यांत 'महोदया' आणि 'तरी' आणि 'नम्र विनंती'. पहिल्या ओळीला ती थांबली. तिसऱ्या ओळीला तिनं खुर्ची मागं सरकवली. 'आपली हजेरी चांगली आहे' इथं पोचल्यावर तिला पाणी प्यावं लागलं, आणि पाणी पिताना पुन्हा हसू आल्यामुळे समोरच्या तीन निवेदनांवर ते सांडलं.

तिला फोन करून खरा अर्थ सांगता आला असता. तिनं सांगितला नाही. संगणकातून नेहमीचं छापील उत्तर काढलं आणि खाली पेनानं लिहिलं: 'मावशी, आठ जानेवारीला तिसगावच्या मंगल कार्यालयात ताई लोकांशी बोलायला येणार आहेत. तुम्ही या. पुस्तिका घेऊन या.'

छापील उत्तर गिरणीत मोठ्यानं वाचलं गेलं. "आपल्या समस्येची गांभीर्यानं दखल घेण्यात आली असून ती लवकरच मार्गी लावण्यात येईल."

"अगं बाई," लंकाबाई म्हणाल्या, "मार्गीच तर लागलीय. रस्त्यावर लोंबतीय की."

यावर जे हसणं सुरू झालं ते थांबेना. कुणीतरी डब्याला टेकली, डबा कलंडला, दोन किलो ज्वारी सांडली आणि ती गोळा करताना बायका वाकून वाकून आणखी हसल्या. चांगुणाबाई हसल्या, पण पुस्तिका त्यांनी पिशवीत घालून खुंटीला लावली.

आठ तारखेला मंगल कार्यालय गच्च भरलं. ताई, अधिकारी, मधोमध माईक. रस्ता, कांदा, रेल्वे असं होत होत माईक चांगुणाबाईंकडे आला. त्यांना त्याची गरज नव्हती. पहिल्याच शब्दाला स्पीकर किंचाळला आणि मांडववाल्यानं धावत येऊन माईक काढून घेतला.

"ताई, मी हिवरवस्तीची गिरणीवाली. तुमी तारेचे बारा प्रश्न विचारले. लई चांगलं केलं. तेरावा आमचा विचारला का, ते सांगा."

ताईंनी भुवया उंचावल्या. "कुठल्या तारेचे, मावशी?"

"आता ते तुमाला ठाऊक. पान चौदा."

ताईंनी पान चौदा काढलं. मागे उभ्या रुपालीनं ओढणी तोंडावर धरली. ताईंनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पुस्तिकेतल्या एकेचाळीस फोटोंपैकी एकातही नसलेलं हसू पसरलं.

"मावशी, तारा म्हणजे चांदणी. ज्या प्रश्नावर चांदणी काढतात तो तारांकित. विजेच्या तारेशी त्याचा संबंध नाही."

कार्यालय फुटलं. पुढचे हसले, मागच्यांना ऐकू गेलं नव्हतं म्हणून पुढच्यांनी त्यांना सांगितलं, मग मागचे हसले, आणि मागचे हसतात म्हणून पुढचे पुन्हा हसले. लंकाबाईंनी पदर डोळ्यांवर ओढून घेतला. चांगुणाबाईंचे कान लाल झाले, क्षणभर त्या खाली बसणार असं वाटलं, आणि मग त्यांनाच हसू फुटलं. एवढं मोठं, की बाकीच्यांचं विरलं तरी त्यांचं चालूच होतं.

हसणं संपल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "म्हंजे तारेचा एक बी न्हाई?"

ताईंनी पुस्तिका रुपालीच्या हातात दिली.

"अन् त्या एकशे चारात? बिनचांदणीच्या?"

रुपालीनं पानं उलटली. विमानतळ, कांद्याची निर्यात, महामार्ग, टपाल, दूध, पुन्हा विमानतळ. तिनं ताईंकडे बघून हळूच मान हलवली. ती मान हलवणं सगळ्या कार्यालयानं पाहिलं.

"मावशी, असं आहे," ताई म्हणाल्या, "वीज वितरण राज्याकडे असतं. लोकसभेत एका वस्तीच्या तारेवर प्रश्न घेत नाहीत."

"तुमच्या चांदण्या लई वर हाईत, ताई," चांगुणाबाई म्हणाल्या. "आमची तार खाली हाय. भोगीला पाच दिवस राहिले."

यावेळी हशा ताईंच्या बाजूनं नव्हता. त्यांनाही ते कळलं, आणि त्या रागावल्या नाहीत ही त्यांची खरी हजेरी. त्यांनी डावीकडे वळून विजेच्या साहेबांना उभं केलं. साहेबांनी अंदाजपत्रक, मंजुरी, साहित्य असे तीन शब्द उच्चारले.

"नवा खांब लागतो का?" ताईंनी विचारलं.

"नाही मॅडम. सरळ करता येईल."

"नवी तार?"

"नाही. हीच ओढून घेता येईल."

"मग साहित्य कशाला लागतं?"

साहेबांनी फाईल उघडली. तेवढ्यात सभागृहाच्या शेवटच्या रांगेतून सहादेवराव बोलले. "दोर लागंल. माझ्याकडं हाय."

लोक वळून वळून बघू लागले. काहींना त्यांचा आवाज ओळखूच आला नाही.

भोगीला दोन दिवस असताना सकाळी नऊला माणसं आली. लाईट बंद झाली, वस्ती कामं टाकून रस्त्याकडेला बसली. कललेल्या खांबाला सहादेवरावांचा दोर बांधला, आठजणांनी ओढला, बुंध्याशी दगड ठोकले. वायरमन वर चढला आणि तार बोटबोट करत वर जाऊ लागली. प्रत्येक बोटाला बायका 'अजून, अजून' म्हणत होत्या. वायरमन वरून ओरडला, "आता आभाळाला लावू का?" दुपारी साहेबांनी लांब काठीनं उंची मोजली आणि अमृतचा टेम्पो, जो सकाळपासून वळणावर उभा राहून हॉर्न वाजवत होता, बाजरीची पोती घेऊन थेट गिरणीच्या दारात आला. अमृतनं खाली उतरून मागं वळून तारेकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "काकू, दर बुधवारी येतो."

चांगुणाबाईंना काही बोलायचं होतं, तेवढ्यात फोन वाजला. रुपाली.

"मावशी, झालं ना काम? पुढच्या अहवालात घालायचंय. 'हिवरवस्ती येथे नवीन वीजवाहिनी टाकली' असं लिहू ना?"

"नवी कुठली? जुनीच ओढली."

"ओढली असं पुस्तिकेत बरं दिसत नाही, मावशी. 'वीजवाहिनीचा ताण समायोजित करण्यात आला' लिहिते."

चांगुणाबाईंनी ते वाक्य बायकांना मोठ्यानं सांगितलं. "कुणाचा ताण?" लंकाबाईंनी विचारलं. "माझा गेला," चांगुणाबाई म्हणाल्या आणि पुन्हा फोनकडे वळल्या. "पोरी, पान चौदा वाचून मी एकदा हसं करून घेतलंय. आता जे झालं तेच छाप. जुनी तार. ओढली. दोर सहादेवरावांचा."

"दोरही लिहायचा?"

"ताईचा फोटो एकेचाळीस येळा येतो. दोराला एक ओळ न्हाई व्हय?"

रुपाली लिहू लागली. इकडे लाईट आली. मोटार सुरू झाली, पट्टा पळू लागला, बाजरी दगडांत उतरली आणि ताज्या पिठाचा गरम वास दाराबाहेर आला.

"वाच," चांगुणाबाई म्हणाल्या.

रुपालीनं वाचलं. ऐकू आलं नाही.

"मोठ्यानं."

अहिल्यानगरच्या त्या कार्यालयात तेव्हा निवेदनं घेऊन चौदा माणसं बसली होती. आतल्या खोलीत ताई होत्या. रुपाली खुर्चीवरून उठली, एक कान हातानं झाकला आणि गिरणीच्या वरताण ओरडून तिनं वाचलं, "हिवरवस्ती. जुनीच तार ओढली. दोर सहादेवरावांचा."

आतल्या खोलीचं दार उघडलं. ताई बाहेर आल्या, चौदा माणसांकडे आणि मग रुपालीकडे बघितलं.

"मावशी आहेत का?" त्यांनी विचारलं. "भोगीची भाकरी ठेवा म्हणावं."

"ठेवते म्हणावं," फोनमधून उत्तर आलं. ते चौदाही जणांना नीट ऐकू आलं.