दुखवट्याचा घागरा

आमच्या किह्नू बेटाच्या धक्क्याला बोट लागली की पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: लाल घागऱ्यातल्या बायका कुठे भेटतील? दीपगृह, किनाऱ्यावरची झुडपं, पाणपक्षी, सगळं नंतर. मी आर्वो. माझ्या उघड्या ट्रकमध्ये बाकडी ठोकलेली आहेत, त्यावर बसवून मी त्यांना बेटभर हिंडवतो. इथले पुरुष समुद्रावर जातात. मला बोट लागते, म्हणून मी ट्रक चालवतो. त्यावरून बायकांनी मला आयुष्यभर सोललंय आणि त्यात सगळ्यात पुढे शेजारच्या एल्नाकाकू. "तुला धक्क्यावर उभं राहूनसुद्धा मळमळत असेल," म्हणायच्या.

घागरा विणावा तर काकूंनीच. आमच्याकडे बाईचा घागरा बघितला की तिच्या घरचं कळतं. घरात सगळे सुखरूप असले की लाल. कुणी गेलं की काळानिळा, आणि मग दुःख निवत जातं तसे लाल पट्टे हळूहळू परत येतात. यात कुणी लबाडी केलेली काकूंना खपत नसे. एका लग्नात मेटा नावाच्या बाईच्या घागऱ्यात एक लाल पट्टा जास्त दिसला, तर काकू भर पंगतीत म्हणाल्या, "सासऱ्याला जाऊन वर्ष नाही झालं, मेटा. एवढी कसली घाई?" मेटा रडत घरी गेली आणि बदलून आली.

काकूंचा नवरा तरुणपणीच बुडाला. त्यानंतर त्यांनी लाल कधी अंगाला लावलं नाही. एकच मुलगा, माडिस. त्याला त्यांनी समुद्रापासून लांब ठेवायची फार खटपट केली, पण बेटावर समुद्रापासून लांब म्हणजे जाणार कुठे? मासळीच्या हंगामात, एप्रिलच्या गारठ्यात तो एकटाच जाळी काढायला गेला. बोट सापडली. तो सापडला नाही.

शोधणारे थकून परतले तशा काकू मागाला बसल्या. स्वतः आधीच काळ्यात होत्या, काळ्याहून काळं काय नेसणार? त्यांनी सुनेसाठी घागरा विणला. काळा, मधून एखादी निळी रेघ. आमच्याकडे कबर खणणाऱ्यांना आणि खांदेकऱ्यांना हातमोजे द्यायची रीत आहे, तेही विणून ठेवले. पण मढंच नाही तर खांदा कोण देणार? हातमोजे टोपलीत पडून राहिले.

सून सिर्ये तो घागरा नेसेना. लग्नाची जुनी गाणी तिच्याइतकी कुणाला येत नाहीत, म्हणून उन्हाळाभर पाहुणे तिच्याच अंगणात यायचे, आणि ती लालभडक घागऱ्यात उभी राहून गायची. बेटावर कुजबुज सुरू झाली. एक दिवस मी पाहुणे येणार हे सांगायला गेलो, तर दारातच दोघींचं ऐकू आलं.

"नेस म्हणते ना."

"नाही नेसणार, आई."

"लोक तोंडात शेण घालतात माझ्या."

"लोकांना सापडलाय का माडिस? मी काळं नेसले की तो मेला. माझ्या हातानं मारू त्याला?"

"आणि तू लाल नेसलीस म्हणून तो जगणार का गं? कितीदा नेसले असते मी!" काकूंचा आवाज चिरकला. "तुझ्यामुळे त्याच्या नावाची घंटा वाजवायला पाद्रीबुवा तयार नाहीत. बायकोच मानत नाही म्हणतात. मला रडू तरी दे गं मोकळेपणी."

मी पाहुण्यांचं न सांगताच मागे फिरलो. मला दोघींचंही पटायचं, आणि त्यासारखा दुसरा ताप नाही. ट्रकमधली एक बाई मला म्हणाली होती, "किती आनंदी रंग आहे हो तुमच्या लोकांचा." तिला तिथेच खड्ड्यात उतरवावं असं वाटलं.

ऑगस्टमध्ये असाच एक गट अंगणात बसला होता. सिर्ये गात होती, काकू ओट्यावर लोकर उकलत होत्या. एवढ्यात फाटकातून लेम्बित आला. जाळीवाला माणूस, माडिसचा सोबती. पायात ओले बूट तसेच, टोपी हातात. सिर्येपुढे जाऊन त्यानं मूठ उघडली. जाळ्यात आलेला एक करडा हातमोजा होता, वाळू भरलेला.

सिर्येचं गाणं थांबलं. पाहुण्यांना वाटलं संपलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

काकू उठल्या. लेम्बितच्या हातातून हातमोजा घेऊन बोटांनी चाचपला. जन्मभर लोकरीत वावरलेली बोटं ती.

"हा आमचा नाही," त्या म्हणाल्या.

"आई, अंगठा बघा. लोकर संपली होती म्हणून टोकाला मी माझ्या घागऱ्याची लाल लोकर लावली होती. तुम्ही हसला होतात मला."

"मी नव्हते हसले."

"आई."

"एवढ्या बोटी फिरतात. कुणाचाही असेल. लेम्बित, परत नेऊन टाक तो."

लेम्बित माझ्याकडे बघू लागला, मी जमिनीकडे. सिर्ये घरात गेली. मी पाहुण्यांना ट्रककडे हाकत होतो तेवढ्यात ती बाहेर आली. काकूंनी विणलेला काळा घागरा नेसून.

काकू तिच्या अंगावर धावल्या. "काढ तो. काढ म्हणते ना." त्या तिच्या कमरेची गाठ सोडायला लागल्या, गाठ सुटेना. "कुणी सांगितलं होतं नेसायला? कुणी विणलं हे?" सिर्ये नुसती उभी राहिली. शेवटी तिनंच सासूला धरून खाली बसवलं.

माडिसच्या नावानं चर्चची घंटा वाजली. काकू गेल्या नाहीत. खांदेकऱ्यांचे हातमोजे सिर्येनं लेम्बितला आणि शोधायला गेलेल्या इतरांना वाटले, तेव्हा टोपली ओढून घेऊन भांडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धक्क्यावर गेलो तर काकू आधीच तिथं. अंगात लाल घागरा. त्यांच्या लग्नातला, कसरीनं खाल्लेला, कमरेला पुरत नव्हता म्हणून दोरीनं बांधलेला. बेटावरच्या बायका बोटीसाठी उभ्या होत्या, त्यात मेटाही होती. मला वाटलं, आता ही उट्टं काढणार. मेटा जवळ आली, खाली बसली आणि सुटत आलेली ती दोरी तिनं नीट घट्ट बांधून दिली.

बोट लागली. पाहुणे उतरले आणि काकूंना बघून एकदम हरखले. फोटो काढायला गर्दी झाली. काकूंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. उतरणारा एकेक चेहरा त्या बघत होत्या, शेवटचा माणूस उतरेपर्यंत.

"चला काकू, घरी सोडतो," मी म्हणालो.

"दुपारची बोट आहे अजून. तू जा, तुझे पाहुणे खोळंबलेत." मग त्यांनी घागऱ्याचा घेर दोन्ही हातांनी पसरला आणि मला विचारलं, "आर्वो, लाल उठून दिसतोय ना रे? पाण्यावरून दिसला पाहिजे त्याला."