दुपारी दोन वाजताची मध्यरात्रीची धाड

जपानमधल्या आमच्या हिगाशी-कसाईत प्रत्येकाच्या दाराशी कोम्बिनीतल्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातल्या, प्लास्टिकच्या छत्र्या साठतात ना, तसे किस्से साठतात. कधी जमले ते आठवत नाही, दार उघडलं की अंगावर पडतात! आता हे पडलेत ते सगळे एकाच धाडीचे.

माझी मैत्रीण मंजू. तिच्या ऑफिसातल्या एका मुलीचे आजोबा, ओनोदेरा-सान, उत्तरेकडच्या एका छोट्या गावात राहतात. दीडशे वर्षांपूर्वी शोगुनची माणसं आणि सम्राटाची फौज आपसात लढली, तेव्हा या गावच्या पोरांनी रात्री शत्रूच्या पिछाडीला घुसून धान्याचं कोठार जाळलं आणि सेनापतीला मारलं. गाव दरवर्षी ती धाड पुन्हा घालतं. पण गावात तरुण उरलेत कुठे? कमिटीच्या अध्यक्षबाईंनी सांगून टाकलं, "माणसं जमली नाहीत, धाड नीट झाली नाही, तर यंदाची शेवटची."

आजोबा रडकुंडीला आले. नातीने मंजूला सांगितलं. मंजूने इथल्या आमच्या मराठी ग्रुपवर टाकलं, "शत्रूवर हल्ला आहे. जेवण फ्री."

संध्याकाळपर्यंत बस फुल!

* * *

गावात पोचलो आणि बघतो तर काय, शत्रूच्या छावणीत सगळे सत्तरीच्या पुढचे! कारण सोपं होतं. धाड घालणाऱ्यांना पळावं लागतं, शत्रूला फक्त झोपायचं असतं. त्यामुळे गावातल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्यांनी शत्रूपक्षात नाव दिलेलं.

शत्रूचा सेनापती कोण? खुद्द ओनोदेरा-सान!

"माझे खापरपणजोबा धाडीत होते," ते अभिमानाने म्हणाले. "मीही खूप वर्षं धावलो. मग गुडघे गेले, म्हणून शत्रूला मिळालो."

"आजोबा, ही तर फितुरी झाली की हो!" मी म्हटलं.

"हो," ते म्हणाले, "पण खुर्ची मिळते."

* * *

मूळ धाड मध्यरात्रीची. पण शत्रूला लवकर झोप येते, म्हणून हल्ली दुपारी दोनला घालतात. लख्ख उन्हात आम्ही काळे कपडे घालून कापणी झालेल्या भातखाचरातून लपतछपत चाललोय, आणि बांधावरच्या आज्या आम्हाला हात करतायत!

नियम एकच, तोंडातून आवाज काढायचा नाही. आता आपली माणसं आणि गप्प? गोखले काका आमचे सरदार, मुंबईच्या बँकेतून पोस्टिंगवर आलेले. ते दर दोन मिनिटांनी मागे वळून ओरडत होते, "अरे, आवाज करू नका रे!"

पलीकडच्या डोंगरापर्यंत फक्त तेवढंच ऐकू गेलं.

* * *

शत्रूच्या पिछाडीला जायचं तर मध्ये एक रस्ता लागतो. रस्त्याला सिग्नल. आम्ही पोचलो आणि लाल झाला. दोन्ही बाजूंना गाडी काय, सायकलसुद्धा नाही. पण धाड थांबली! समोरच्या फुटपाथवर शत्रूचे पहारेकरी उभे, बंदुका घेऊन. तेही थांबले. हिरवा झाल्यावर दोन्ही सैन्यं एकमेकांना वाकून नमस्कार करत शेजारून गेली.

सगळ्यात पुढे उभे होते गोखले काका. मूळचे पुण्याचे. तिथे सिग्नल म्हणजे नुसती रोषणाई समजणारा माणूस हा!

* * *

कोठार मांडलेलं देवळाच्या हॉलमध्ये. आम्ही तलवारी उपसून दारापर्यंत धावलो आणि आत बघतो तर तातामी, जपानी गवती चटया! सगळ्यांनी मुकाट्याने चपला काढल्या. माझी दहा वर्षांची इरा मागेच राहिली, सगळ्यांच्या चपला बाहेर तोंड करून ओळीने लावत.

"इरा, चल ना! आग लावायचीय!"

तिने जपानीत मला झापलं, "आई, मग पळताना उलट्या घालणार का?"

आगीलाही परवानगी नव्हतीच. अग्निशमन दलाचे एक गृहस्थ 'आग' असं लिहिलेली पाटी घेऊन उभे होते. शेजारी पाण्याची बादली!

* * *

आता शेवटचं काम, सेनापतीला मारायचं. ते मंजूकडे. पण त्या रविवारी नेमका दसरा होता! बसमध्ये काका म्हणालेच होते, "शत्रूच्या हद्दीत घुसायचं म्हणजे खरंखुरं सीमोल्लंघन!" आपटा इथे कुठला मिळायला, म्हणून देवळाबाहेरच्या गिंकोच्या झाडाची पिवळी पानं सगळ्यांनी खिशात कोंबलेली.

मंजू तलवार उगारून आत शिरली. समोर खुर्चीत पांढऱ्या केसांचे आजोबा, डोळे मिटून मरायला तयार. तिचा हातच उठेना हो! तिने तलवार खाली ठेवली, आजोबांच्या हातात पान दिलं, "सोनं घ्या" म्हणाली आणि वाकून पाया पडली.

एक पडली म्हटल्यावर झालं! तिच्यामागे मी, माझ्यामागे काका. बघता बघता अख्खी धाड रांगेत उभी. प्रत्येकजण पान देतोय, पाया पडतोय. बाहेर धाडीचं वर्णन करणारा लाउडस्पीकरवाला आधी अडखळला, मग त्याने घोषणाच करून टाकली, "धाड शरण आली आहे!"

आजोबांचा चेहरा पांढराफटक. मंजू हुंदके देत म्हणाली, "माझ्यामुळे बंद पडली गं त्यांची धाड!" मलाही भडभडून आलं.

अध्यक्षबाई तरातरा चालत आल्या. आमच्याकडे पाहिलं, आजोबांच्या मांडीवरच्या पानांच्या ढिगाकडे पाहिलं आणि माइक घेतला.

"आमचे पूर्वज या लढाईत कधीच हरले नव्हते," त्या कडाडल्या. "हा डाग घेऊन गाव जगणार नाही. पुढच्या वर्षी सगळ्यांनी परत यायचं आणि या माणसाला नीट मारायचं!"

ओनोदेरा-सान धडपडत खुर्चीतून उठले. गुडघे कुरकुरत असताना आमच्यापुढे कमरेत वाकले आणि भरल्या डोळ्यांनी म्हणाले, "मला मारायला नक्की या हं!"