घरच्या शब्दांचा रकाना

जळगावजवळच्या नशिराबादहून धुळे जिल्ह्यात बदली झाली तेव्हा मला वाटलं, खान्देशातून खान्देशातच तर जायचंय. शाळा सोनगीरच्या पुढे, महामार्ग सोडून आत गेलं की लागणाऱ्या एका गावात होती. चार वर्ग, दोन शिक्षक. पहिली-दुसरी मुख्याध्यापकांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मुख्याध्यापक त्याच तालुक्यातले, निवृत्तीला आलेले. गाव त्यांना नाना म्हणायचं, म्हणून मीही नानाच म्हणू लागले.

एका खोलीत दोन वर्ग असले की अडचण रोजची असते. चौथीला भागाकार शिकवायचा तर तेवढा वेळ तिसरीनं काय करायचं? "धडा वाचा" म्हटलं की एक परिच्छेद कसाबसा वाचून होतो आणि मग कुणाची तरी पेन्सिल कुणाच्या तरी पाठीत टोचते. त्या वर्षी आमच्या केंद्रातल्या शाळांच्या शिक्षण परिषदेत एका शिक्षिकेनं 'नॉलेज ऑर्गनायझर' दाखवला. नाव भारदस्त, वस्तू साधी. एखाद्या घटकातलं जे मुलांना पक्कं यायलाच हवं, ते सगळं एका पानावर आणायचं. मधोमध आकृती, बाजूला महत्त्वाचे शब्द आणि त्यांचे अर्थ, खाली थोडे प्रश्न. घटक सुरू होताना पान मुलाच्या हातात द्यायचं आणि घटक संपेपर्यंत ते त्याच्याजवळ राहू द्यायचं. रोज थोडा वेळ जोडीनं बसायचं. एकानं अर्थ हातानं झाकायचा, दुसऱ्यानं सांगायचा.

मी पहिलं पान केलं ते तिसरीच्या परिसर अभ्यासासाठी, वनस्पतीच्या भागांचं. उत्साहात इतकं कोंबलं की अक्षरं मुंग्यांसारखी दिसायला लागली. मुलांनी पान घेतलं, उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर ट्रॅक्टर काढले. दुसऱ्या वेळी मी निम्मे शब्द गाळले. काय गाळायचं हे ठरवायला शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागला, पण त्यातच मला कळलं की त्या धड्यात खरं शिकवायचं काय आहे.

नानांना हे फारसं पसंत नव्हतं. सोनगीरहून काढून आणलेल्या झेरॉक्स त्यांनी चष्मा वर करून बघितल्या.

"मॅडम, अख्खा धडा एका पानात आला, तर पोरं पुस्तक उघडतील का?"

"माहीत नाही नाना. बघू या."

"बघा," ते म्हणाले आणि आपल्या वर्गावर गेले. अडवलं मात्र नाही.

तिसरीत एक मुलगी होती. खिडकीजवळ बसायची. काही विचारलं की मान खाली. खोड कुठलं, पान कुठलं, एवढंसुद्धा सांगायची नाही. मी तिच्या नावापुढे मनातल्या मनात 'कच्ची' अशी खूण करून ठेवली होती. एकदा मधल्या सुट्टीत मी व्हरांड्यात डबा खात होते. ती कुंपणापलीकडच्या कपाशीजवळ दोन मैत्रिणींना घेऊन उभी होती आणि बोंडअळी आत कशी शिरते, कुठलं बोंड गळून पडणार, कुठलं टिकणार, हे सगळं सांगत होती. हातवारे करून, न थांबता, अहिराणीत. मी डबा तसाच धरून ऐकत राहिले. अर्धं मला समजत होतं, अर्धं नाही.

तिला वनस्पती कळत होती. माझे शब्द तिच्या तोंडी येत नव्हते, एवढंच.

म्हणून पुढच्या पानावर मी एक रकाना वाढवला. डावीकडे पुस्तकातला शब्द, मध्ये अर्थ आणि उजवीकडे 'घरचा शब्द'. तो रकाना मीच भरला, मला लहानपणापासून माहीत असलेल्या शब्दांनी. पान वाटलं आणि वर्गात खसखस पिकली.

"मॅडम, असं कोन म्हनस?" चौथीतल्या एकानं विचारलं.

"आमच्याकडे म्हणतात."

"आमनाकडे नई म्हनतस."

बरोबरच होतं. मी जळगावच्या बाजूची. ळच्या जागी य म्हणणं दोन्हीकडे सारखं असलं, तरी आमची घरची बोली वेगळी आणि यांची वेगळी. मी नशिराबादचं घर या गावाच्या पानावर आणून ठेवलं होतं. दुपारी मी नानांकडे गेले. ते हसले, खुर्ची ओढून बसले आणि एकेका शब्दाला अहिराणी शब्द सांगत गेले. मध्येच थांबून म्हणायचे, "हा शब्द माझी माय म्हणायची. आता कोणी म्हणत नाही. लिहू नका." मग जरा विचार करून, "नाही, लिहा." त्या दिवशी शाळा सुटल्यावरही आम्ही बराच वेळ बसलो होतो.

नवीन पान घरी गेलं आणि दुसऱ्याच दिवशी त्या मुलीचे वडील शाळेत आले. उंच, सडपातळ माणूस, मोटरसायकलची किल्ली हातात फिरवत. महामार्गावर टायर पंक्चरचं दुकान चालवायचे. त्यांनी पान टेबलावर ठेवलं आणि उजव्या रकान्यावर बोट ठेवलं.

"मॅडम, हाई तिले घर येस. शायामा कसाले?"

शाळेत कशाला ते मी समजावू लागले, की घरच्या शब्दावरून पुस्तकातला शब्द लवकर कळतो, मूल बोलायला लागतं. त्यांनी ऐकून घेतलं. मग ते प्रमाण मराठीत बोलायला लागले, एकेक शब्द जपून.

"मी बारावी झालो. नाशिकला कंपनीत मुलाखतीला गेलो होतो. सायबांनी विचारलं, घरी कोण कोण आहे. मी म्हटलं, माय शे, बाप शे. ते तिघं एकमेकांकडे बघून हसले. पुढचं मी काही बोललोच नाही. माझ्या पोरीवर ती वेळ यायला नको. तुम्ही तिला पुस्तकाचंच शिकवा."

नाना दारात उभे होते. ते म्हणाले, "भाऊ, हसणाऱ्यांचं चुकलं ना त्यात."

"चुकलं त्यांचं, नाना. नोकरी माझी गेली."

मी त्यांना चहा विचारला, ते नको म्हणाले. जाताना पान मात्र घडी घालून खिशात ठेवून गेले.

दोन-तीन दिवस मी त्या रकान्याचा विचार करत होते. काढून टाकावा असंही वाटलं. पण वर्गात त्याचा फरक दिसत होता. चौथीची मुलं तर शब्दांवरून भांडायला लागली होती. शेवटी मी रकाना ठेवला, पण कोरा. वर 'घरचा शब्द' एवढंच. ज्याला लिहायचा त्यानं पेन्सिलनं लिहावा, नसेल लिहायचा तर राहू द्यावा. पंक्चरच्या दुकानावर थांबून मी हे त्या वडिलांना सांगितलं. ते टायर पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होते. "चालेल," म्हणाले, मान वर न करता.

मुलीचा रकाना कोराच राहिला. वनस्पतीच्या पानावर, पाण्याच्या पानावर, गणितात अपूर्णांकाच्या पानावर, चौथीत गेल्यावर किल्ल्याच्या पानावरही. पण इकडे काहीतरी वेगळंच होत होतं. ती खिडकीजवळून उत्तरं द्यायला लागली. आधी हळू, मग ऐकू येईल अशी. एकदा मी विचारलं, "घरी अभ्यास कोण घेतं गं तुझा?" ती म्हणाली, "बाबा. दुकानावर. ते अर्थ झाकतात, मी सांगते. मग मी झाकते, ते सांगतात."

मी ज्या मुलीसाठी रकाना केला, तिला तो लागलाच नाही. तिला बाकीचं पान लागलं, कारण ते तिच्या बापाला हातात धरता येत होतं. पुस्तक घेऊन बसायला त्यांना सवड नव्हती. एक पान टायरच्या ढिगावर ठेवून घोकून घेता येत होतं.

कापूस वेचणीच्या दिवसांत सातपुड्याच्या पायथ्याकडून मजूर कुटुंबं येतात. त्यातल्या एका घरातली मुलगी चौथीत येऊन बसली. घरी पावरी, म्हणजे पावरा आदिवासींची बोली बोलणारी. मराठी थोडी समजायची, अहिराणी त्याहून थोडी. मी तिला या पंक्चरवाल्यांच्या मुलीशेजारी बसवलं आणि पान दिलं. आकृतीवर बोट ठेवून आमची मुलगी तिला सांगू लागली, "हा बुरूज. हा तट. आपल्या सोनगीरचा दिसतो ना, तसा." मग तिनं उजव्या रकान्यावर बोट ठेवलं. "तुमच्याकडे काय म्हणतात?"

नव्या मुलीनं आकृतीतल्या किल्ल्याखालच्या डोंगराला काहीतरी शब्द सांगितला. तो लिहायचा कसा, यावर सगळा वर्ग गोळा झाला. मधला उच्चार कुणालाच नीट पकडता येईना. "परत म्हन," "परत म्हन," असं करत तिला तो इतक्यांदा म्हणायला लावला की ती हसायलाच लागली. फळ्यावर तीन प्रकारे लिहून झालं. तिनं एकाकडे बोट दाखवलं. तोच बरोबर होता की ती कंटाळली होती, ते मला कळलं नाही. पण त्यानंतर प्रत्येक पानाचा तिचा रकाना भरलेला असायचा, आणि अक्षर बहुतेक शेजारणीचं असायचं.

नानांनी त्याच सुमाराला आपल्या दुसरीसाठी एक पान केलं. अक्षरं थोडी, चित्रं जास्त, हातानं काढलेली. बैल कुत्र्यासारखा दिसत होता. त्यांनी तक्रार मागे घेतली असंही नव्हतं. काही मुलं खरंच पानावर भागवतात, पुस्तक उघडतच नाहीत. त्यांच्यासाठी मी आता खालच्या प्रश्नांत एक प्रश्न असा घालते की ज्याचं उत्तर पानावर नसतं. तरीही दोघं-तिघं निसटतातच.

होळीच्या आधी, सातपुड्यातल्या आदिवासींचा भोंगऱ्या बाजार भरतो त्या सुमाराला, ते कुटुंब परत गेलं. जायच्या दिवशी मुलगी पिशवी घेऊन आली आणि सगळी पानं मागितली. मी राहिलेल्या घटकांचीही दिली. तिच्या आईनं ती ओढणीच्या टोकात गुंडाळली. तिकडच्या शाळेत त्यांचा काही उपयोग झाला का, हे मला माहीत नाही. विचारायला कुणाचा नंबर नव्हता.

परवा चौथीला दिशा आणि नकाशाचं पान द्यायचं होतं. झेरॉक्स फिकट आली, उत्तर दिशेचा बाण दिसेना. मुलांना म्हटलं, पेनानं गडद करा. सगळ्यांनी केला. काहींनी तो दक्षिणेकडे केला, मग उत्तर कुठली हे दाखवण्यातच दुपार गेली.