भोरड्यांची झोपायची जागा

पालघर स्टेशनाजवळच्या एका ओटीवर दामू चुरी शिवणयंत्र घेऊन बसायचा. बायको बाळंतपणात गेली होती आणि मुलीचे, मंदाचे, दोन्ही पाय तापाने लुळे पडले होते. ती दिवसभर त्याच्यामागे चटईवर पडून असे. फारसं बोलायची नाही.

एका फाल्गुनात दामूने तिला पाठुंगळी घेऊन तळ्याकाठच्या बागेत नेलं. पांगारा लालभडक फुलला होता आणि त्यावर भोरड्या उतरल्या होत्या. काळी डोकी, गुलाबी पोटं, नुसता कलकलाट. उत्तरेला परतण्याआधी त्या इथे पोट भरून घेतात. घरी येताना मंदा आपणहून म्हणाली, "उद्या परत जाऊ ना, बाबा?"

मग दरवर्षी भोरड्या असेपर्यंत दामू ऊन कललं की यंत्रावर फडकं टाकी. गिऱ्हाइकं कुरकुरत.

सहासष्ट साली तारापूरकडे मोठं बांधकाम चाललं होतं. बाहेरची माणसं गावात दिसू लागली होती. त्यांतलाच एक साहेब बागेतल्या बाकावर मंदाशेजारी बसला. गळ्यातली दुर्बीण त्याने तिच्या डोळ्यांना लावली, तशी ती हसली. दामूला तो माणूस फार आवडला.

"रात को कहाँ बैठते हैं ये?" साहेबाने विचारलं.

दामूने त्याला सोबत नेऊन तळ्यामागचं बांबूचं बेट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दामू आणि मंदा बागेत असताना साहेब दोघा मित्रांना घेऊन आला. तिघांकडे बंदुका होत्या. थवा बेटात शिरला आणि बार सुरू झाले.

"साब, बच्ची देखती है," दामू धावत जाऊन म्हणाला. साहेबाने ओळखीचं हसून चार भोरड्या त्याच्यापुढे धरल्या.

दामू परतला तेव्हा मंदा बाकावर तशीच होती. एक जखमी भोरडी तिच्या पायांशी फडफडत होती आणि तिला वाकून उचलता येत नव्हतं.

"जागा तुमी दाखवली?"

"हो."

ती रडली नाही. पुन्हा बागेत चल, असंही कधी म्हणाली नाही.

पुढच्या फाल्गुनात दामू एकटाच बागेत जाऊन आला आणि तिच्या चटईशी बसला. "आल्यात गं. थोड्या हायत, पण आल्यात. येतेस?"

मंदा भिंतीकडे तोंड करून पडली होती. न वळता ती म्हणाली, "कुणाला सांगू नका."

दामू उठला. यंत्रावर बसला, पण पाय चालवला नाही.